होला, व्हला, कवडा : तुमच्याकडे कोणता?

माळावरचा

पक्षी सप्ताहात (५ ते १२ नोव्हेंबर, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा) आमच्या पुण्यातल्या सोसायटीने परिसरातल्या पक्ष्यांची यादी केली. पारवा, कावळा, साळुंकी यांवर कुणाचा वाद नव्हता. 'होला' या नोंदीपाशी मात्र घोडं अडलं. होला प्रत्येकाने लिहिला होता आणि वर्णन प्रत्येकाचं निराळं होतं. म्हणून हा धागा.

आपल्याकडे घराशेताच्या आसपास दिसणारे होले मुख्यतः चार. शहरात माझ्या नजरेस सगळ्यात जास्त पडतो तो तपकिरी होला. साळुंकीपेक्षा किंचित मोठा, २५ ते २७ सेंटिमीटर, त्यातही बरीचशी शेपूटच. डोकं नि मान गुलाबीसर, पाठ मातकट आणि कोरी, पंखाच्या कडेला निळसर राखी पट्टा. याची खूण गळ्याच्या पुढच्या बाजूला असते : तांबूस-काळी बारीक चौकडी. पक्षी पाठमोरा असेल तर ती दिसत नाही आणि निम्मे घोळ तिथेच होतात.

ठिपकेवाला होला याहून मोठा, साधारण ३० सेंटिमीटर. याची खूण मानेच्या मागे : काळ्या कापडावर तीळ सांडावेत तसे पांढरे ठिपके. शिवाय पाठीवर आणि पंखांवरही फिकट गुलाबी ठिपके असतात. थोडक्यात, पाठ कोरी की ठिपक्यांची एवढं बघितलं तरी या दोघांचा निकाल लागतो.

तिसरा कंठवाला होला. लांबीला जवळजवळ पारव्याएवढा, ३२ सेंटिमीटर, पण सडपातळ. फिकट राखी अंग आणि मानेच्या मागे अर्धवट काळी कंठी. चौथा लाल होला, चौघांत लहान, २३ सेंटिमीटर. नर विटकरी, डोकं राखी, कंठी काळी. मादी मात्र तपकिरी.

तुमच्या भागात यांतला कोणता दिसतो आणि त्याला काय म्हणतात ते लिहा. गावाचं नाव नको असेल तर तालुका तरी लिहा, नाहीतर नोंदीला काही अर्थ राहत नाही.

खाडीपलीकडे

रत्नागिरी तालुका. आमच्याकडे होला हा शब्द पुस्तकात. बोलण्यात कवडा. आणि कवडा म्हणजे तुमचा ठिपकेवाला, दुसरा कुठला नाही. आमराईत, वाडीतल्या पायवाटेवर, पडवीसमोरच्या अंगणात जोडीने चालत असतो. माणूस अगदी जवळ गेला की फडफड करत उडतो आणि समोरच्याच फांदीवर जाऊन बसतो.

तपकिरी होला घाट चढून कोल्हापूरला गेलं की लगेच दिसायला लागतो. पाऊस आणि झाडोरा जास्त तिकडे ठिपकेवाला, कोरडा उघडा मुलूख तिकडे तपकिरी, असं माझं निरीक्षण. सीमारेषा आखलेली नाही अर्थात. पुण्यात दोघेही असणारच.

माळावरचा

@खाडीपलीकडे, बरोबर. पुण्यात दोघेही आहेत. टेकडीच्या उघड्या अंगाला तपकिरी, जुन्या बंगल्यांच्या गर्द बागांत ठिपकेवाला. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन होले, असंही दिसतं.

कोरडवाहू

मोहोळ, सोलापूर जिल्हा. आमच्याकडं व्हला. तुमचे चारी आमच्या शिवारात हायेत, ठिपकेवाला जरा कमी. विहिरीच्या कडंला, बोरी-बाभळीवर कंठवाला. घराजवळ, गोठ्याजवळ तपकिरी. काढणीनंतर रिकाम्या रानात लाल व्हले थव्यानं उतरतात.

एक गोष्ट शहरातल्या मंडळींसाठी लिहितो, कारण व्हल्यांनी पीक खाल्लं असं कुणीतरी इथं लिहिणारच. ज्वारीच्या कणसाला लोंबकळून खाणं हे व्हल्याचं काम नव्हं. ते पोपट, चिमण्या, सुगरणी करतात. व्हला जमिनीवर चालत चालत टिपणारा पक्षी. खळ्यावर सांडलेलं, बांधावरच्या गवताचं बी, हेच त्याचं खाणं. पेरणीला बी उघडं राहिलं तर उचलतो, हे खरं. पण बी मातीआड करणं आपल्या हातात आहे.

पाणी पितानाही बघा. चिमणी चोच बुडवते, मान वर करते, मग गिळते. व्हला चोच पाण्यात घालून तशीच ठेवतो आणि ओढून घेतो, म्हशीसारखं म्हणत नाही, पण जवळजवळ तसंच. 😀 पारवा पण तसाच पितो.

तिरकस

फोटो दिसत नाहीत. फक्त मलाच का सगळ्यांना?

माळावरचा

फोटो मुद्दाम टाकले नाहीत. आधी वर्णनावरून ओळखता येतंय का बघू.

तिरकस

म्हणजे परीक्षा आहे. आधी सांगायचं ना, अभ्यास करून आलो असतो. (हलके घ्या.)

गॅलरीवाली

ठाणे. आमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमागे जोडी येते आहे. चार काड्या ठेवल्यात, त्याला घरटं म्हणवत नाही. गळ्यावर चौकडी आहे, म्हणजे तपकिरी होला ना? साखरेच्या पाकावर जसं लक्ष ठेवावं तसं सासूबाई त्यांच्यावर लक्ष ठेवून आहेत. त्यांचं म्हणणं घरावर होला घुमणं चांगलं नाही. नवऱ्याचं म्हणणं कबुतरांमुळे फुप्फुसांचे आजार होतात, जाळी लावून टाकू. मला ठेवायचे आहेत. मुद्दे द्या.

माळावरचा

@गॅलरीवाली, हो, तपकिरीच. घरटं इतकंच असतं. खालून बघितलं तर काड्यांच्या फटींतून अंडी दिसतात. दोन पांढरी अंडी घालतात, १३ ते १५ दिवस उबवतात, नंतर साधारण दोन आठवड्यांत पिल्लं उडतात. म्हणजे सगळा कारभार महिन्याभरात उरकतो. जाळी लावायचीच असेल तर आत्ता अंडी नसताना लावा, किंवा मग पिल्लं गेल्यावर. मधल्या काळात हात लावू नका. अंडी-पिल्लं काढून टाकणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हा मुद्दा यजमानांना चालेल.

उबवायला नर-मादी आळीपाळीने बसतात, बहुतेक दिवसा नर आणि रात्री मादी. पिल्लांना पहिले काही दिवस दाणा नाही, दूध. आई आणि बाप दोघांच्याही अन्नपिशवीचं अस्तर जाड होतं, त्याच्या पेशी सुटतात आणि त्यातून दह्याच्या गोळ्यांसारखा पदार्थ तयार होतो, प्रथिनं आणि स्निग्धांश भरपूर असलेला. सस्तन प्राण्यांत दुधाला कारण होणारं प्रोलॅक्टिन हेच संप्रेरक इथेही कामाला येतं. पारवा-होल्यांशिवाय असलं दूध रोहित पक्ष्यांत असतं आणि एम्परर पेंग्विनच्या नरात. बाकी बहुतेक पक्ष्यांना पिल्लांसाठी किडे-अळ्या शोधाव्या लागतात, म्हणून त्यांचा विणीचा हंगाम ठरलेला. होल्याला दाण्यावर भागतं, त्यामुळे तो वर्षातल्या जवळपास कुठल्याही महिन्यात घरटं करू शकतो.

छातीचा_डॉक्टर

नवऱ्याच्या मुद्द्याचं उत्तर मी देतो. भीती निराधार नाही, पण पत्ता चुकलाय. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासातून गेली की काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीमुळे फुप्फुसांना येणारी सूज, होतो. उशिरा लक्षात आला तर फुप्फुसं कायमची कडक होतात. २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून जो गदारोळ झाला त्यामागे हेच कारण होतं. तिथे प्रश्न शेकड्यांनी जमणाऱ्या, इमारतींवर कायम मुक्काम करणाऱ्या पारव्यांचा आहे. होल्यांची एक जोडी येऊन महिन्याभरात निघून जाते, प्रमाणात जमीनअस्मानाचा फरक.

मात्र घरात कुणाला हा आजार झालेला असेल, तर होला काय नि पाळलेला पोपट काय, दोन्ही नकोत. इतरांनी ती खिडकी बंद ठेवावी, पिल्लं गेल्यावर जागा आधी ओली करून, मास्क लावून पुसावी. कोरडं झाडू नये.

गॅलरीवाली

धन्यवाद, नवरा गप्प. सासूबाई राहिल्या.

जुनी_पोथी

सासूबाईंची समजूत नवी नाही, फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १६५वं सूक्त कपोतावरच आहे. कपोत हा निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा, दूत, तो घरात आला, तर देवांनो त्याच्यापासून आमचं, आमच्या गाईगुरांचं भलं होऊ दे, अशी प्रार्थना. आता तो कपोत पारवा की होला हे सूक्तावरून सांगता येत नाही. आणि त्याच परंपरेत शिबी राजा शरण आलेल्या कपोतासाठी स्वतःच्या मांडीचं मांस कापून देतो. सासूबाईंना दुसरी गोष्ट सांगा.

गॅलरीवाली

सांगितली. "शिबीला बाल्कनी पुसावी लागत नव्हती" असं उत्तर आलं.

तिरकस

सासूबाईंना आयडी घ्यायला सांगा.

नावात_बरंच_काही

शास्त्रीय नावांवर थोडं. आपल्याकडच्या तीन होल्यांच्या नावांत भारतातली तीन बंदरं बसली आहेत. तपकिरी होल्याची आपली उपजात 'कॅम्बायेन्सिस', खंभातवरून. ठिपकेवाल्याची 'सुरातेन्सिस', सुरतेवरून. ही दोन्ही नावं ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७८९ साली दिली. लाल होला 'ट्रांकेबारिका', हे हर्मानने १८०४ साली दिलेलं नाव, तमिळनाडूतल्या तरंगमबाडीवरून. ती तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती, १८४५ पर्यंत होती. सुरतेचा होला युरोपला कळला तो सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने १७८२ साली छापलेल्या वर्णनातून. जहाजं जिथे लागत होती तिथलेच पक्षी आधी कागदावर आले. देशावरच्या माळावर तपकिरी होला लाखोंनी असेल, पण तिथे कुणी गलबत लागत नव्हतं.

जातीचं मूळ नाव मात्र दूरचं. तपकिरी होला 'सेनेगालेन्सिस', लिनीअसने १७६६ साली आफ्रिकेतल्या पक्ष्यावरून ठेवलेलं. ठिपकेवाला 'चायनेन्सिस', स्कोपोलीने १७८६ साली. हे दोघे पूर्वी कंठवाल्याच्याच 'स्ट्रेप्टोपेलिया' प्रजातीत (जीनसमध्ये) होते. आता दोघांना वेगळं काढून 'स्पायलोपेलिया'त टाकलं आहे. जुन्या पुस्तकांत वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. ठिपकेवाल्याच्या बाबतीत तर काही याद्या आपला पश्चिमेकडचा, पाठीवर ठिपके असलेला पक्षी आणि चीनकडचा साध्या पाठीचा पक्षी या दोन स्वतंत्र जाती मानतात.

मस्कतकर

वाचून बरं वाटलं. इथे ओमानमध्ये आमच्या इमारतीखाली तपकिरी आणि कंठवाला दोघेही भरपूर. ठिपकेवाला घराजवळ कधी दिसला नाही, वरच्या कोरड्या-ओल्याच्या हिशोबात ते बसतंय. मे-जूनच्या उन्हात दुपारी एसीच्या पाण्याचं थेंब थेंब डबकं साचतं, त्यावर तपकिरी होल्यांची रांग. मूळचा बीडचा असल्याने परदेशात आल्यासारखं वाटतच नाही.

पर्थवासी

आमच्याकडे तपकिरी आणि ठिपकेवाला दोन्ही, पण आपल्यासारखेच बाहेरून आलेले. तपकिरी होला इथे १८९८ साली प्राणिसंग्रहालयाकडून सोडला गेला आणि पसरला. बागेत आलेल्या ऑस्ट्रेलियन शेजाऱ्याने "हा आमचा पक्षी नाही" असं सांगितलं तेव्हा मी हळूच म्हटलं, माहीत आहे, आमचा आहे.

कोरडवाहू

😀😀 तिकडं पण व्हलाच म्हणा त्याला.

पहाटे_पाच

आवाजावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मला दृष्टीचा त्रास आहे, मी होले कानाने ओळखतो आणि सांगतो की कान जास्त भरवशाचा आहे.

कंठवाला सगळ्यात सोपा. तीन अक्षरं, मधलं लांब : कु-कूऽऽ-कु. पुन्हा तेच. मध्ये विश्रांती नाही, रियाज चालल्यासारखा. तपकिरी मऊ आणि खालच्या पट्टीत बोलतो, पाच-सहा सुटे स्वर, मधले थोडे वर चढलेले : कु-कु-रू-कु-कु. इंग्रजांनी त्याला हसरा म्हटलंय, मला त्यात हसण्यापेक्षा घशात अडकलेलं बोलणं ऐकू येतं. ठिपकेवाला जाड, घोगरा, सावकाश : क्रू-क्रुक्-क्रूऽ, कधी शेवटचा तुकडा दोन-तीनदा. लाल होला एकदम वेगळा, कोरडा आणि भरभर, गुरुगुर्गू गुरुगुर्गू. होल्याचा आवाज आहे हे नवख्याला पटतही नाही.

कंठवाल्याच्या तीन अक्षरांवरून ग्रीक लोकांनी एक कथा रचली आहे. एका मोलकरणीला वर्षाला फक्त अठरा नाणी मिळायची. तिचं गाऱ्हाणं जगाला कळावं म्हणून देवाने हा पक्षी निर्माण केला, तो सारखा 'देका-ओक्तो', म्हणजे अठरा, असं ओरडत असतो. म्हणून शास्त्रीय नाव 'डेकाओक्टो'. फ्रिवाल्डस्की या हंगेरियन शास्त्रज्ञाने १८३८ साली दिलेलं. तेव्हा युरोपात हा फक्त बाल्कनकडच्या कोपऱ्यात होता. विसाव्या शतकात त्याने सगळा युरोप पादाक्रांत केला, १९५५ साली इंग्लंडमध्ये नॉरफक परगण्यात घरटं केलं. पुढे बहामा बेटांवर पिंजऱ्यातून सुटलेल्यांची प्रजा अमेरिकेत पसरली. आपल्याकडे बाभळीवर गप्प बसलेला दिसतो, पण भारी फिरस्ता निघाला.

खाडीपलीकडे

@पहाटे_पाच, प्रतिसाद आवडला. कवड्याचा आवाज अगदी नेमका पकडलात. कोकणात एप्रिलच्या भर दुपारी सगळे पक्षी गप्प असताना हा एकटा बोलत असतो.

नियमावली

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. होला, व्हला, कवडा, भोरी हे सगळं गोड असलं तरी नोंदी करायच्या असतील तर मराठीत प्रत्येक पक्ष्याला एकच प्रमाण नाव हवं. इथेच बघा, धाग्याची सुरुवातच गोंधळाने झाली आहे. त्यात काही लोक हरियालालाही होला म्हणतात, म्हणजे राज्यपक्षी आणि गोठ्यामागचा पक्षी एकाच नावाचे!

कोरडवाहू

गोंधळ तुमच्या यादीत झाला. आमच्या गावात कुणाचा होत नाही. माझा आजा तपकिऱ्याला नुसता व्हला म्हणायचा आणि बाकीच्यांना लाल व्हला, कंठीचा व्हला, मोठा व्हला. ज्याच्याशी रोज गाठ पडते त्याला नुसतं नाव, बाकीच्यांना विशेषण. कोकणात रोज गाठ पडते तो ठिपक्याचा, म्हणून तो नुसता कवडा.

माळावरचा

@कोरडवाहू, हे लाख बोललात. @नियमावली, छापील यादीला एक नाव ठेवू, ते 'तपकिरी होला', 'ठिपकेवाला होला' असं असेल. पण नोंदवहीत शेजारी एक रकाना स्थानिक नावाचा आणि एक गावाचा. चितमपल्लींनी पक्ष्यांची मराठी नावं रानात राहणाऱ्या लोकांकडूनच तर गोळा केली. ती पुसून एकच ठेवायचं असेल तर मग सरळ लॅटिन वापरू, भांडणच मिटलं.

नियमावली

रकान्याची कल्पना मान्य. हरियालाचं मात्र वेगळं ठेवा. तो हिरवा-पिवळा, पिवळ्या पायांचा, वड-पिंपळाची फळं खाणारा, सहसा जमिनीवर न उतरणारा. त्याला होला म्हणणं मला पटत नाही.

मोलेमची_वाट

गोवा. आणखी एक राहिला. आमच्या दाट रानातल्या वाटेवर पाचू कवडा असतो. पाचूसारखे चकचकीत हिरवे पंख, लाल चोच, अंग गुलाबी-किरमिजी. वाटेवर पडलेल्या बिया टिपत असतो आणि चाहूल लागली की जमिनीलगत बाणासारखा जातो. त्यामुळे बहुतेकांना फक्त हिरवी झाक दिसते. मालवणी मुलखातले पाहुणे त्यालाही कवडोच म्हणतात. सह्याद्रीत महाराष्ट्राच्या बाजूलाही आहे. घराजवळ येत नाही म्हणून तुमच्या चारांत धरला नसेल.

नवेगाव_फाटा

गोंदिया. पूर्व विदर्भात लाल होला मोप. मेळघाट, नागझिऱ्यात अजून एक जंगली होला आहे : अंगाने भरदार, पाठीवर तांबूस खवले, मानेच्या बाजूला काळ्या आणि निळसर राखी आडव्या रेघा. घाईत लोक त्याला ठिपकेवाला लिहून मोकळे होतात. मानेवर ठिपके की रेघा, तेवढं बघा.

दुसरं म्हणजे पिल्लांचं. उडायला लागलेल्या तरुण होल्यांना मानेवरची खूण नसते. ना चौकडी, ना ठिपके, ना कंठी. ॲपला असा फोटो दिला तर ते काहीही सांगतं. अशा वेळी सोबतचे आईबाप बघा, नाहीतर आवाज. नाहीतर सरळ 'होला, जात अनिश्चित' असं लिहा, ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर तशी सोय असते. ओढूनताणून नाव लावलेल्या नोंदीपेक्षा ती नोंद जास्त कामाची.

तिरकस

मी आज यादी केली. पारवे बारा, कावळे सहा, 'होला, जात अनिश्चित' चार. आरामाचं काम आहे हे.

गॅलरीवाली

एक शेवटचा प्रश्न. गच्चीवर एक होला येतो, तपकिरी, लहानखुरा, मानेमागे काळी कंठी. कंठवाल्याचं पिल्लू म्हणावं तर पिल्लाला कंठी नसते असं आत्ताच वाचलं. मग कोण?

नवेगाव_फाटा

लाल होल्याची मादी असावी. लाल होल्यातच नर-मादी असे वेगळे दिसतात, बाकी तिघांत दोघे सारखेच. आकार बघा : साळुंकीएवढी असेल आणि शेपूट आखूड असेल तर मादी. कंठवाला त्यापेक्षा बराच मोठा, फिकट आणि लांब शेपटीचा. मादीचा रंग जास्त गडद तपकिरी असतो. आणि दोन-चार दिवस वाट बघा, विटकरी नर आसपास असला तर येईलच.

गॅलरीवाली

साळुंकीशेजारीच बसली होती. तेवढीच होती. मादी लिहिते.

माळावरचा

तालुका लिहायला विसरू नका.